मोठीच्या नावावरची सातवी

आमच्या गावात मुलींचं शिक्षण पोह्यांच्या बशीतून आलं. मी थट्टा करत नाही. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी वरच्या आळीत पोहे भिजले नाहीत असं एकही घर नव्हतं, आणि पहिली बशी आमच्याच घरातून बाहेर आली.

नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बुलढाण्याला जिल्हा परिषद नुकतीच बसली होती आणि गावोगावच्या शाळा तिच्या ताब्यात गेल्या होत्या. आमचं गाव अमडापूरपासून तीन मैल आत. शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मुलगे अमडापूरला चालत जायचे आणि मुली घरी बसायच्या. म्हणजे ज्या चौथीपर्यंत पोचल्या असतील त्या. त्या वर्षी पोचलेली एकच होती, ती मी. परीक्षेत मी मुलग्यांच्याही वर पहिली आले होते. त्याचं बक्षीस म्हणून मला सकाळचं शेण भरायचं काम मिळालं, कारण आता शाळेचा खोळंबा उरला नव्हता.

मला पाचवी हवी होती. पाचवीत भूगोल होता, नकाशांचं पुस्तक होतं, आणि आमच्या शेजारचा जो मुलगा चौथीला माझ्या पाटीवर बघून गणितं उतरवायचा, तो आता ते पुस्तक काखेत मारून रोज माझ्या शेणाच्या टोपलीसमोरून जायचा. त्याचा मला एवढा राग यायचा की दोन वेळा मी मुद्दाम टोपली हलवली.

आमचं घर एकत्र. मोठे बाबा आणि मोठी आई, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको. मग माझे वडील आणि आई. मोठ्या आईची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. घरात तिला सगळे मोठी म्हणत आणि मला धाकटी. घरात बोलायचा क्रमही ठरलेला होता. आधी मोठे बाबा, मग मोठी आई, मग वडील आणि सगळ्यात शेवटी आई. आईची पाळी येईपर्यंत विषय संपलेला असायचा, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या संसारात तिने काही मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मोठी शाळेत पाच-सात दिवस गेली होती. तिला तिथे झोप यायची. तिचा स्वभाव गोड होता आणि हात फार चपळ. मी एक भाकरी फुगेपर्यंत तिच्या तीन व्हायच्या.

तर एका सकाळी बुलढाण्याच्या कुठल्याशा शिक्षण मंडळाचे दोन कार्यकर्ते अमडापूरला बसमधून उतरून धूळ तुडवत गावात आले. एक बाई होती तिशीच्या आतबाहेरची, पुण्याकडची, आणि एक पंचविशीचा चष्मेवाला, खादीतला. तो बिनलग्नाचा आहे हे गावाला त्याला पाणी द्यायच्या आधी कळलं.

या दोघांना कुठल्यातरी शिबिरात काम करायची पद्धत शिकवली होती. गेल्या गेल्या भाषण करू नये. शाळेचं नाव काढलं की पालक बुजतात. आधी घरोघर जावं, आयाबायांशी बोलावं, घरच्यासारखं बसावं, समोर येईल ते खावं, माहिती गोळा करावी आणि विश्वास बसला की संध्याकाळी सभेत हेतू सांगावा. त्यांनी ही पद्धत अक्षर न गाळता पाळली. गावातल्या शिकण्यायोग्य मुली कोणकोणत्या आहेत आणि चौथी कितीजणी झाल्यात, याची यादी परिषदेपुढे ठेवायची आणि गावात मुलींची पाचवी मागायची, असा त्यांचा बेत होता. तो त्यांनी दिवसभर पोटात ठेवला.

आता बघा. एक बाई घरी येते. सोबत बिनलग्नाचा तरुण. बाई विचारते, मुली किती, थोरली केवढी, जात कोणती, शिकली किती, शिवणटिपण येतं का, प्रकृती कशी. दात बघते, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघते. तीन मैल चालवेल का म्हणते, आणि पोरगी अंगणात चालून दाखवते. तरुण एका बाजूला मान खाली घालून बसलेला, काही बोलत नाही, नुसतं वहीत लिहितो. कशासाठी आलात ते दोघंही सांगत नाहीत. आमच्याकडे हा प्रकार कशाला म्हणतात हे शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच घरातून, म्हणजे आमच्या, बातमी निघाली: बुलढाण्याचं स्थळ आहे, नोकरीवाला आहे, बहीण मुली बघत फिरते आहे. मग पेट्या उघडल्या. ज्या मुलींना आठवड्यातून एकदा तेल लागायचं त्यांच्या वेण्या चपचपीत झाल्या. कुणाची काकू, कुणाची वहिनी लुगडी उसनी मागत पळत होती. मंडळी कोणत्या जातीची यावर पारावर थोडा वेळ वाद झाला, पण तोही मिटला, कारण प्रत्येक घराने त्यांना आपापल्या जातीत घेऊन टाकलं होतं. आणि शिकली किती या प्रश्नाला वरच्या आळीने एकमुखाने उत्तर दिलं, चौथी पास. शहरातला नवरा आहे, त्याला पत्र वाचणारी बायको लागेल एवढा विचार गावाला होता. चष्मेवाला लिहीत गेला. बाईंचा चेहरा घरागणिक उजळत गेला. इतकं शिकलेलं खेडं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि पुण्यातही पाहिलं नसेल.

आमच्या घरी काय झालं ते मी दाराआडून पाहिलं. मोठी आई चटईवर बाईंच्या समोर बसली. मोठीला पुढे बसवलं होतं, नाकात माझ्या आईची नथ.

"ही चौथी झाली," मोठी आई म्हणाली. "पयल्या नंबरानं. मास्तर म्हने, अशी पोट्टी पाह्यली नाई."

तो पहिला नंबर माझा होता. मी दार ढकलून आत आले. बाईंनी माझ्याकडे पाहून हसून विचारलं की ही कितवीत आहे. मी तोंड उघडलं तोवर उत्तर गेलं होतं.

"ते लहान हाये, धाकटी. ते काई शिकेल नाई, बाई. शेनपानी करते."

मोठी आई काही दुष्ट नव्हती. थोरलीच्या आधी धाकटीचं नाव पुढे करायचं नसतं. धाकटी शिकलेली आणि थोरली कोरी असं पाहुण्यांसमोर मांडलं तर थोरलीचं जमायचं कसं? तिने माझा नंबर काढून तिच्या पोरीला लावला, नथ लावली तसा. मी आईकडे पाहिलं. आई चुलीपाशी पोहे परतत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोह्यांकडे. वहीत लिहिलं गेलं: थोरली चौथी उत्तीर्ण, धाकटी अशिक्षित.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा भरली. सोयरीक असली की पुरुष जेवढे जमतात तेवढे सगळे जमले होते. चष्मेवाल्याने समाज, समता, स्त्री हा संसाराचा कणा असं बराच वेळ सांगितलं, आणि बोलणी सुरू व्हायच्या आधी शहाणी माणसं असं काहीतरी बोलतात म्हणून लोकांनी माना डोलावल्या. शेवटी पाटलांनी घसा साफ केला.

"ते सारं बराबर हाये, साहेब. पन पसंत कोन्ती पडली तेवढं सांगून टाका. बाकीच्यायचा जीव टांगून राह्यला."

"एकच का?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "आम्हाला सगळ्याच हव्यात. एकही मुलगी मागे राहता कामा नये."

कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने शांतपणे वहाणा घातल्या आणि काठी उचलली. बाईंना आधी उमगलं. त्या लाल झाल्या, उठल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा सरळ सांगितलं की आम्ही शाळेसाठी आलो आहोत, मुलींच्या पाचवीसाठी.

त्या वेळी एकाने जरी म्हटलं असतं, बाई, आमची पोट्टी चौथी झालेली नाही, आम्हाला वेगळं वाटलं, तर सगळं तिथेच निस्तरलं असतं. पण मग चारचौघांत सांगावं लागलं असतं की आपण खोटं बोललो, आणि कशाच्या आशेने बोललो. पाटलांच्या दोन नाती त्या यादीत चौथी पास होत्या. त्यांच्यापैकी एकीला दहापर्यंत मोजताना बोटं लागत. पाटील म्हणाले, लिवलं ते लिवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. शाळेचे गुरुजीही तिथेच बसले होते. खरं काय ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या मास्तराची जागा टिकावी म्हणून याच मुलींची खोटी हजेरी ते कित्येक वर्षं भरत आले होते, तेव्हा त्यांना पारावरचं पिंपळाचं पान फार बघण्यासारखं वाटलं. अठरा मुलींची यादी बुलढाण्याला गेली. तिची एक प्रत चावडीवर चिकटवली गेली.

पुढे जे झालं ते ऐकून सरकारी कागदावर कुणाचाही विश्वास बसावा. गावाला त्या दिवशी जे हवं होतं ते यादीने खरोखर मिळवून दिलं. चावडीवर वसुलीच्या कामाला येणारी बाहेरगावची माणसं ती यादी वाचू लागली. मुलगी चौथी पास, नाव, वय, घर, सगळं सरकारी शिक्क्यासकट. पाच-सहाजणींची त्या उन्हाळ्यात लग्नं ठरली. मोठीला उंद्रीचं घर मिळालं. तिला चौदावं सरायचं होतं. कायद्याने ती लहान होती, पण कायदा बुलढाण्याला राहायचा आणि आमच्या गावाला बस नव्हती. मंडपात सासऱ्यांनी चार लोकांना सांगितलं की सून वाचणारी आहे, पहिल्या नंबराची. मी वरमाला घेऊन मागे उभी होते.

आणि पावसाळ्याच्या तोंडाला परिषदेचा हुकूम आला. मुलींची पाचवी मंजूर. मात्र यादीत दाखवलेल्या मुली पहिल्या सत्रात हजर राहिल्या तरच वर्ग चालेल, नाहीतर बंद.

मी माझा चौथीचा निकाल घेऊन धावत शाळेत गेले. गुरुजींनी तो दोन वेळा वाचला. अक्षर त्यांचंच होतं.

"खरं हाये, पोरी," ते म्हणाले. "पन यादीत तू अडानी हायेस. अन् यादी बुलढान्याले हाये."

मी म्हटलं, मग दुरुस्त करा. त्यांनी मला समजावून सांगितलं. एक ओळ दुरुस्त करायला मागितली तर साहेब बाकीच्या सतरा ओळी बघेल, आणि त्या बघितल्या तर पाचवीही जाईल आणि गुरुजीही जातील. हे बोलताना त्यांनी उठून दार लोटलं. मला वाटलं माझ्यासाठी लोटलं. आता वाटतं, बदलीच्या भीतीने.

मी दोन दिवस जेवले नाही. त्याची घरात कुणी विशेष दखल घेतली नाही, फक्त आई माझी भाकरी झाकून ठेवायची आणि सकाळी स्वतः खायची. तिसऱ्या दिवशी गुरुजी घरी आले. यादीतल्या सहाजणी सासरी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागा रिकाम्या दिसून चालणार नव्हतं. मोठीची जागा रिकामी होती. हिने तिथे बसावं, गुरुजी म्हणाले, हजेरीला मोठीचं नाव पुकारीन, हिने ओ द्यावी. पहिलं सत्र निघालं की बघू. मोठे बाबा विचारात पडले, पण मोठी आई खूश झाली. चौथी सांगून दिलेली पोरगी आता फुकटात पाचवी होणार होती.

अशी मी पाचवीत बसले. ओ द्यायला मी पहिल्या दिवशी चुकले आणि गुरुजींनी तीन वेळा पुकारलं. मग सवय झाली.

एकटी मीच नव्हते. गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती होती तिथे ते दोघे कार्यकर्ते गेलेच नव्हते. समतेवर बोलायची वेळ झाली होती आणि पाटलांच्या माणसाने त्यांना सांगितलं, तिकडे उद्या जा. तो उद्या अजून यायचा आहे. तिथे कुणी विचारलं नाही म्हणून तिथे कुणी खोटंही बोललं नाही. पण वर्ग सुरू झाल्याचं कळताच तिथल्या एका आईने आपल्या दोन्ही मुली स्वतः आणून शाळेच्या पायरीवर उभ्या केल्या. दोघींना वाचता येत होतं, शाळेच्या भिंतीबाहेर बसून ऐकून शिकल्या होत्या. गुरुजींना माणसं हवी होती. पाटलांच्या दोन्ही नाती घरी बसल्या होत्या, त्यांची नावं या दोघींना मिळाली. पुढची तीन वर्षं त्या दोघी पाटलांचं आडनाव लावून शिकल्या आणि पाटलांना ओठ उघडता आले नाहीत, कारण उघडले असते तर यादी खोटी ठरली असती. अर्थात हे हजेरीपुरतं. सुट्टीत माठापाशी गेल्या की त्यांची नावं लगेच परत काढून घेतली जात, आणि पाणी वरून ओंजळीत.

पहिल्या सत्रात ते दोघे कार्यकर्ते हार घेऊन आले. चष्मेवाल्याने भाषणात सांगितलं की हे गाव जिल्ह्याला वाट दाखवतं आहे. मी बाईंना पायरीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, नथीसकट. त्या खाली बसल्या आणि त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, झालं, आता माझं नाव मिळणार.

"बाळ, आत्ता हे बाहेर काढलं तर सगळ्यांचा वर्ग बंद होईल," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आपण नक्की दुरुस्ती करू. तू मोठ्या मनाची मुलगी आहेस."

मी अजिबात मोठ्या मनाची नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा मोठ्या आईचाही कधी वाटला नाही. मोठी आई निदान आपल्या पोरीसाठी खोटं बोलली होती. पुढच्या वर्षी त्या दोघांना दुसरा तालुका मिळाला.

सत्राच्या शेवटी साहेब तपासणीला आले. त्यांनी मला उठवून धडा वाचायला लावला, मी वाचला. नकाशावर पैनगंगा दाखवायला लावली, मी दाखवली. त्यांनी शाबासकी दिली आणि नाव विचारलं. गुरुजी खडूकडे बघत होते. खालच्या वस्तीतल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि माझं खरं नाव तोंडातून निघालं तर त्यांची खोटी नावं जाणार हे तिघींनाही कळत होतं. मी मोठीचं नाव सांगितलं. साहेबांनी ते शेरेबुकात लिहिलं, प्रगती समाधानकारक म्हणून. वर्ग राहिला.

वर्ग वर चढत गेला, पाचवीची सहावी झाली, सहावीची सातवी. उंद्रीला सासऱ्यांनी सून रोज चुलीपाशी भाकरी थापताना पाहिली आणि तरी ती सहावीत आहे, सातवीत आहे, हे लोकांना सांगितलं. मोठ्या आईने त्यांना पटवलं होतं की नाव शाळेत आहे आणि पोरगी घरून अभ्यास करते. घरात पुस्तक नव्हतं, दिवा नव्हता, पण कुणाला शंका आली नाही. शाळेत न जाता शिकणारी सून मिळाली तर कोण तक्रार करील?

सातवीच्या वर्षी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. सातवीची परीक्षा बाहेरची असते, तिचा दाखला येतो, आणि तो मोठीच्या नावाने येणार होता. तीन वर्षं मी कंदील पुसून अभ्यास केला होता आणि कागद तिच्या घरी लागणार होता. मी ठरवलं, पेपर कोरा द्यायचा. नापास मी होणार नाही, ती होईल. या विचाराने मला इतकं बरं वाटायचं की शेण भरतानाही मी गुणगुणायची.

पौषात मोठी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वाळली होती. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते तिथे येऊन बसली.

"मी कितवीत हावो व आता?" तिने विचारलं.

"सातवीत," मी म्हटलं.

मग तिने सांगितलं. धाकटा दीर फौजेत गेला होता. त्याची पत्रं यायची आणि सासरा सगळ्या घरासमोर ती सुनेच्या हातात द्यायचा. पहिल्या वेळी तिने डोळे आल्याचं सांगितलं. नंतर नंतर ती पोस्टमनला वाटेत गाठून आधी पत्र ऐकून घ्यायची, पाठ करायची, आणि घरी कागद धरून म्हणायची. एकदा कागद उलटा धरला होता, पण घरात ते कळणारं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आता तो पोस्टमन बदलून गेला होता. दोन पत्रं आली होती ती तिने चुलीत घातली आणि आलीच नाहीत म्हणून सांगितलं. सासू देवाला नवस बोलून राहिली होती की पोरगा जिवंत असू दे.

"मले सातवीतलं काई तरी येऊ दे व," ती म्हणाली. "निदान पत्र तं."

मला माझी लाज वाटली. मला वाटत होतं की तिने माझं नाव घेतलं, आणि ती बिचारी तीन वर्षं माझ्या नंबराखाली दबून बसली होती. तो नंबर तिने मागितला नव्हता. तिला कुणीतरी नथ घालून बसवलं होतं.

तीन महिने मी तिला शिकवलं. आधी पोट सावरत, मग बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीवरच्या ओव्याच्या धुरात, भिंतीवर कोळशाने. मोठी आई चिडायची की भिंत काळी होऊन राहिली. मोठीला आता झोप येत नव्हती. मूल अंगावर पाजता पाजता ती जोडाक्षरं म्हणायची. परीक्षेच्या फॉर्मवर सही लागत होती, ती तिने स्वतः केली, आयुष्यातली पहिली. त्या सगळ्या कारभारात तेवढीच एक गोष्ट खरी होती. परीक्षा चिखलीला झाली. गुरुजींनी बैलगाडी केली. मी पेपर कोरा दिला नाही. पुरवण्या लावल्या.

ती बाळ घेऊन सासरी गेली, आणि वैशाखात निकाल लागला. मी तिला कार्ड टाकलं, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं शक्यतो टाळून: तू पास झाली, केंद्रात पहिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ओळी उतरणीला लागलेल्या आणि अक्षरं एकमेकांना धरून चाललेली. संध्याकाळी अंगणात सगळे बसले होते. मोठे बाबा म्हणाले, वाच. मी वाचलं.

"तुहं कारड मी मामंजीले वाचून दाखोलं. देराचं पत्र आलं तेबी वाचलं. तो बरा हाये. मी सातवी पास झाली. तू कधी होशीन."

मोठे बाबा हसले. सातवी पास पोरीने अशुद्ध लिहिलं म्हणून हसले की काय, कोण जाणे. वडील जमिनीकडे बघत होते. चिखलीला बाहेरून परीक्षेला बसता येतं, फॉर्मची मुदत महिनाअखेर आहे, हे गुरुजींनी त्यांना त्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि ते त्यांनी घरात काढलं नव्हतं. मोठी आई पदर सावरून बसली. तिच्या मनात माझ्यासाठी अमडापूरचं एक घर होतं, आणि तिथे अशिक्षित असलेली चालणार होती. तिने बोलायला तोंड उघडलं.

त्याआधी माझी आई बोलली. आवाज इतका अनोळखी होता की आधी सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी आलं का म्हणून.

"मोठीचं झालं," ती म्हणाली. "आता धाकटीची पाळी हाये. फारम इच्या नावानं भरा."